पत्तागोबीवर जगदाळ्यांचा पहारा

यंदा इंदूरजवळच्या राऊ गावातल्या घरची पत्तागोबी साऱ्या खानदानाला पुरून उरणार, असं उदयसिंह जगदाळ्यांनी रोपं आणायच्या आधीच जाहीर करून टाकलं होतं! जाहीर कुणापुढे, तर फोनवर मुलापुढे. आणि मुलगा बापाच्याच वळणावर गेलेला.

"बाबा, मागच्या वर्षी टमाटरांचंही तुम्ही हेच म्हणाला होतात," यशवर्धन पुण्याहून म्हणाला. "आला एक! एवढ्या मोठ्या घरात तुम्ही दोघंच करता काय? विका ते आणि इकडे या."

"मी इथं बाग करतो!"

"बरं. फेब्रुवारीत आम्ही येतोय. तुमच्या बागेतली गोबी सगळ्यांना एक वेळ पोटभर खाऊ घाला, घर विकायची गोष्ट पुन्हा काढणार नाही. नाही जमलं, तर दोघांनी आमच्यासोबत निघायचं."

"मंजूर!" उदयसिंह गरजले. विनीताताई शेजारीच मटार सोलत बसल्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

रोपं लागली आणि पांढरी फुलपाखरं घिरट्या घालू लागली. दिसायला काय गोजिरवाणी! शेजारचा आशिष कुंपणावरून ओरडला, "भिया, ये पत्तों पे अंडे देगी, फिर इल्ली पूरी गोबी चट कर जाएगी. जाली लगाओ, जाली!"

झालं! उदयसिंहांच्या अंगात पणजोबा संचारले. हे पणजोबा होळकर सरकारच्या फौजेत पहाऱ्यावर होते आणि त्यांच्या पाळीत वाड्यात मुंगीसुद्धा शिरली नाही, असं घरात सांगत. उदयसिंहांनी स्वतः इंदूरच्या पलासियातल्या बँकेत खुर्ची झिजवली, पण फाटकाला कुलूप लावताना मिशीवरून हात फिरायचाच!

त्यांनी गच्च विणीची हिरवी जाळी आणली. एक पुरेना म्हणून दुहेरी घातली. बांबू ठोकले, कडेला विटा रचल्या, दोरीवरचे कपड्यांचे सगळे चिमटे काढून जाळीला लावले. विनीताताईंची वाळत घातलेली साडी उडून आशिषच्या स्कूटीवर पडली, पण युद्धात एवढं चालायचंच!

"अहो, झाकायच्या आधी इकडे बघा जरा," विनीताताई वाकून म्हणाल्या. "पानांच्या खाली पिवळे ठिपके आहेत. चिकटलेत अगदी."

"खताचे शिंतोडे असतील! वीट दे इकडे."

त्यांनी वीट दिली. मग जरा थांबून म्हणाल्या, "एक सांगू? मला ना, जावंसं वाटतं यशकडे. इथं दिवसभर बोलायला कुणी नसतं हो."

"हूं," उदयसिंह म्हणाले. "तो चिमटा दे."

मग हुकूम सुटला. आता जाळी उघडायची नाही! दर्शन थेट फेब्रुवारीत, यशवर्धनच्या समोर! पाणी द्यायचं ते वरून, पाइपाने.

काही दिवसांनी साळुंक्या आल्या. जाळीवर बसून आत चोची खुपसायला बघू लागल्या. "म्हणजे पाखरंही टपलीत माझ्या गोबीवर!" म्हणत उदयसिंह स्टीलची ताटली आणि पळी घेऊन धावले. आठवडाभर राऊमध्ये असा ताटलीचा गजर चालला की, नवीन मंदिर झालं का, म्हणून दोन बायका विचारून गेल्या! शेवटी साळुंक्या कंटाळून निघून गेल्या. उदयसिंहांनी विजयाचा चहा घेतला.

मग जानेवारीच्या शेवटी जाळीवर पांढरं काहीतरी फडफडताना दिसलं. उदयसिंह बॅडमिंटनची रॅकेट घेऊन बनियनवरच तुटून पडले. हाणताहेत, हाणताहेत, पण फुलपाखरू मरेना!

"अहो, ते आतल्या बाजूला आहे," विनीताताई म्हणाल्या.

"आत कसं येईल? मी आहे ना इथं!"

ठरल्या रविवारी यशवर्धन आला, सोबत सून सुरभी. विनीताताईंनी कढईत फोडणीची तयारी करून ठेवली. उदयसिंहांनी इस्त्रीचा कुर्ता घातला, आशिषलाही मुद्दाम बोलावलं, विटा बाजूला केल्या, चिमटे काढले आणि "बघा!" म्हणून जाळी खसकन ओढली.

भर्रर्र! पांढऱ्या फुलपाखरांचा थवाच्या थवा उठला! सगळ्यांच्या डोक्यावरून, कानावरून, उदयसिंहांच्या मिशीला घासून गेला. खाली पत्तागोबीच्या नुसत्या शिरा उभ्या होत्या. उरल्यासुरल्या पानावर एक गलेलठ्ठ अळी न्याहारी करत होती.

"वॉव बाबा! बटरफ्लाय पार्क!" सुरभीने टाळ्याच वाजवल्या आणि व्हिडिओ काढायला लागली. "सांगितलं का नाही आधी?"

"भिया," आशिष हळूच म्हणाला, "अंडे तो पहले से अंदर थे. वो मैना इल्ली खाने आती थी, आपने भगा दी."

यशवर्धन हसला असता तर परवडलं असतं. तो हसला नाही. त्याने बापाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ द्या बाबा." उदयसिंहांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

जेवायला सेव-टमाटरची भाजी झाली. सेव काय, इंदूरच्या घरात असतेच! सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली, उदयसिंह मात्र ताटातली सेव चिवडत बसले. एक आशा होती. विनीता आहे की! अडतीस वर्षांचा संसार आहे तिचा या घरात, ती म्हणेल 'मी नाही येत', मग यशचं काही चालायचं नाही. ते तिला गाठायला आतल्या खोलीत गेले.

पलंगावर दोन बॅगा होत्या. भरलेल्या. लोणच्याची बरणीसुद्धा कापडात गुंडाळून तयार.

"हे कधी भरलंस?"

"तुम्ही जाळी लावलीत ना, त्याच आठवड्यात."

"अगं, मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं की, तिथंच, वाफ्याजवळ. तुम्ही 'हूं' म्हणालात."

उदयसिंह पलंगाच्या कडेला बसले. विनीताताईंनी अंगणातून आणलेली हिरवी जाळी झटकली, नीट चौघडी केली आणि बॅगेत वरच्या बाजूला ठेवली.

"ही कशाला?"

"यशच्या बाल्कनीत कबुतरं फार येतात म्हणे. तुमची बसायची जागा तिथंच केलीय त्याने. लावून टाकू."

"हूं," उदयसिंह म्हणाले.