नलूबाईचं अनलिमिटेड

दिवेलागण झाली की नलूबाई एका हातात वरणाची बादली आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन पंगतीतून फिरते. वरण वाढताना विचारते, "पायजे का?" आणि लगेच मोबाइल पुढे करून विचारते, "अन् नेट?"

ही थट्टा नसते. तिच्या प्लॅनमध्ये रोज दोन जीबी डेटा मिळतो आणि त्यातला उरलेला मध्यरात्री आपोआप नाहीसा होतो, हे तिला कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिचा जीव वरखाली होतो. शिजवलेला भात गटारात ओतावा तसं तिला वाटतं. म्हणून जेवणाच्या वेळी ती हॉटस्पॉट सुरू करते. त्याचं नावही तिनं स्वतःच ठरवलंय: ‘नलूबाईचं उरलं’.

"घ्या बापा, घ्या. माह्यं सांडून राह्यलं."

बँकेतला एक नवा कारकून एकदा म्हणाला, "बाई, माझ्या फोनमध्ये आहे नेट." नलूबाई त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "घरी भाजी हाये म्हनून कोनी पाहुनचार सोडते का?" बिचाऱ्यानं मुकाट्यानं पासवर्ड टाकला आणि तिच्यासमोर बसून क्रिकेटचा एक जुना सामना पाहिला.

सावली या आमच्या गावात बसस्टँडच्या मागे तिची खानावळ आहे. दारावर पाटी आहे, ‘अनलिमिटेड थाळी’. मी इथल्या शाळेत शिक्षक. खानावळीला लागूनच माझी भाड्याची खोली, दोन्हींच्या मध्ये एकच भिंत. ती मला मास्तर म्हणते आणि माझ्या ताटात नेहमी एक पोळी न विचारता टाकते.

अनलिमिटेड या शब्दावर आपला धंद्याचा हक्क आहे, असं ती समजते. स्टँडसमोर मोबाइल कंपन्यांची पोरं छत्र्या लावून बसतात. एक हिरवी छत्री, एक नारिंगी. हिरव्या छत्रीतल्या रोशनला तिनं भर बाजारात विचारलं होतं, "अनलिमिटेड मनता, मंग दोन जीबी झाले का हळू काऊन होते?"

"बाई, बंद नाही होत. फक्त स्पीड कमी होते."

"असं. मंग मी पन दुसऱ्या पोळीपासून चमच्यानं वरन वाढतो. बंद नाई करत. स्पीड कमी करतो."

रोशन त्याच खानावळीत जेवायचा. त्यानं तिला बसायला स्टूल पुढे केलं.

या पोरांना तिच्याशी वैर परवडणारं नव्हतं. नलूबाई जिकडे जाईल तिकडे पंगतही जाते, हे दोघांनाही माहीत होतं. तिनं कंपनी बदलली की डबेवाले, ड्रायव्हर, स्टँडवरचे पानवाले, सगळे आपापला नंबर घेऊन तिच्या मागे. त्यामुळे ती बाजाराला निघाली की दोन्ही छत्र्यांखालून एकदम हाका यायच्या. ती एकीकडे बसून दुसरीकडचं सांगायची. "त्यानं टोपी देल्ली. तू काय देतं?" तिच्या घरात हिरव्या टोप्या होत्या, नारिंगी पिशव्या होत्या, आणि नंबर मात्र वर्षानुवर्षं तोच होता.

त्या मार्चमध्ये नारिंगी छत्रीतल्या पंकजनं स्टीलचा तीन पुडांचा डबा काढला. त्यांच्या कंपनीत येणाऱ्याला फुकट. नलूबाईनं तो वाजवून पाहिला, झाकण उघडून वास घेतला आणि तिथल्या तिथे हिरव्या छत्रीशी नातं तोडलं. मी भाजी घेऊन शेजारीच उभा होतो.

"लाइन कवा बदलन?" तिनं विचारलं.

"तीन-चार दिवसांनी, रात्री, बाई. तुम्ही झोपेत असान. जुनं सिम बंद पडलं का हे नवं टाकायचं."

"सकायी त बंद नाई ना पडनार?"

"नाई."

"पाहाटे?"

"नाई ना, बाई!"

तिनं आणखी एकदा विचारलं. मला हसू आलं, कारण पहाटेचं तिचं काम सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मोहफुलाचा हंगाम लागला की उजाडता उजाडता नलूबाई मागच्या अंगणात फोनवर भांडायची. भिंतीपलीकडून मला शब्दन् शब्द ऐकू यायचा. "तुले लाज नाई वाटत का?" "मी सोडनार नाई तुले!" "बोल ना वो, तोंडात काय गोटा धरला का?" हे असं तासभर चालायचं. ती कंपनीच्या कस्टमर केअरला झापते, असा आमचा समज होता. त्या अदृश्य पोरीबद्दल गल्लीत सगळ्यांना कळवळा होता. मोहाच्याच दिवसांत कंपनी का बिघडते, असा प्रश्न मात्र कुणाला पडला नव्हता.

चौथ्या दिवशी पहाटे भांडण वेळेवर सुरू झालं. मी दात घासत होतो.

"तुह्यासारखी कामचोर बाई मी जल्मात नाई—"

इथे आवाज तुटला. मग: "हॅलो. हॅलो वो. हॅलो?"

तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. त्यात भांडण नव्हतं.

पुढच्या क्षणी ती माझ्या दारात. एका हातात बंद पडलेला फोन, दुसऱ्या हातात नवं सिम. "मास्तर, हे फोनात टाकून द्या लवकर." मी टाकलं. नेटवर्क नाही. काढून पुन्हा घातलं. नाही.

"होईल थोड्या वेळात," मी म्हणालो. "कस्टमर केअरच्या पोरीलाही जरा श्वास घेऊ द्या, बाई."

ती हसली नाही. "कस्टमर केअर नाई थे. तुळसा हाये. मोहाखाली हाये, जंगलात. एकटी."

"कोण तुळसा?"

"माही सवत."

इतकी वर्षं तिच्या हातचं जेवून मला हा शब्द तिच्या तोंडून नवा होता. तिचा नवरा वारला आहे एवढंच माहीत होतं. मी माझा फोन काढला. तिनं तिच्या फोनमधून नंबर दाखवला, मी लावला. रिंग गेली. पूर्ण वाजून थांबली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"उचलत नाहीत."

नलूबाई पायरीवर बसली. "नाई उचलनार थे. मीच सांगून ठेवलं हाये. अनोळखी नंबर दिसला का कंपनीवाला रायते, उचलू नको म्हनून." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तेच असंन ना, मास्तर? म्हनूनच उचलत नसंन ना?"

मी मोटरसायकल काढली.

तुळसाचं गाव फार लांब नव्हतं. धानाची मोकळी शेतं संपली की साग लागतो आणि सागाच्या तोंडाशी ते गाव. नलूबाई मागे बसून माझ्या कानाशी बोलत होती, वाऱ्यामुळे ओरडून.

नवऱ्यानं तुळसाला घरात आणलं त्या दिवशी नलूबाई नेसत्या लुगड्यानिशी सावलीला निघून आली होती. नवरा गेला तेव्हा मातीला गेली, तुळसाशी चकार शब्द न बोलता परतली. मग एका मोसमात त्याच गावची एक बाई मोह वेचायला गेली आणि वाघानं नेली.

"वाकून फुलं वेचनारं मानूस वाघाले जनावर दिसते, मास्तर. अन् चुप असलं त आनखीच. चार बाया मियून गेल्या, बोलत राह्यल्या, त थो दूर रायते. मी फोन केला तिले. मनलं, तू कोनासंग जातं? थे मने, माह्यासंग कोन येते? एकलीच जातो."

"मग?"

"मंग मनलं, फोन चालू ठेव अन् बडबड कर. थे मने, तुह्यासंग काय बडबड करू? मनलं, भांडन कर. तेवढंच त येते आपल्याले." एक खड्डा आला, मग पुढे म्हणाली, "गोड बोलाले गेलो त दोन मिन्टांत संपते. भांडन मात्र टोपली भरेपर्यंत पुरते."

मी आरशात पाहिलं. तिनं डोक्यावरचा पदर दातात घट्ट धरला होता.

"अनलिमिटेड त्याच्याचसाठी घेतलं, बापा. बोलाले. थे नेट त त्याच्यासंग फुकटचं येते." आणि मग, मला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात: "एका डब्यापाई लाइन बदलली मी."

तुळसाच्या घराला कडी होती. अंगणात कोंबड्या. शेजारच्या म्हाताऱ्यानं हातानंच जंगलाकडे दाखवलं. गाडीवाट संपली तिथे वनखात्याची पाटी होती, वाघाचं चित्र असलेली, एकट्यानं जाऊ नये अशी. तिथून पायी.

पानगळीचे दिवस. पायाखाली प्रत्येक पान वाजत होतं आणि आम्ही थांबलो की काहीच वाजत नव्हतं. मोहाचा गोड, आंबूस वास सगळीकडे दाटला होता. मी म्हणालो, "बाई, हाक मारा." नलूबाईनं तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला. सगळ्या बाजाराला गप्प करणाऱ्या त्या बाईच्या गळ्यातून नुसती हवा आली.

"या झाडाखाली असते थे," ती कुजबुजली.

झाड दिसलं. खाली फुलं दिसावीत म्हणून पालापाचोळा जाळून राख केलेली जमीन, तिच्यावर पिवळट फुलांचा सडा. मधोमध एक टोपली, अर्धी भरलेली. जवळ फुलं वेचत गेल्यानं मोकळी झालेली एक वाट, आणि ती वाट अचानक संपलेली. माणूस नव्हतं.

नलूबाई जागच्या जागी उभी राहिली. ती टोपलीजवळ जाईना. मी गेलो. जमिनीवर कसला माग आहे का पाहिलं. मला माग ओळखता येत नाहीत, तरी पाहिलं. काही ओढल्यासारखं दिसलं नाही, पण हे तिला कसं सांगावं ते सुचेना. काय करावं न सुचून मी पुन्हा नंबर लावला.

रिंग जंगलात वाजली.

डावीकडून, जवळच्या तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या बाजूनं. बारीक, पण स्पष्ट. वाजत राहिली. कुणी उचलत नव्हतं. नलूबाईनं माझा दंड धरला. तिची नखं मला अजून आठवतात. आम्ही दोघंही त्या आवाजाकडे निघालो नाही. निघायला हवं होतं.

मग रिंग थांबली आणि माझ्या हातातला फोन एकदम किंचाळला.

"काय पायजे रे मेल्या! सकायपासून जीव खाऊन राह्यला! नाई पायजे मले तुहा प्लॅन! माही बाई तिकडे बोलता बोलता पडली, जित्ती हाये का मेली पत्ता नाई, अन् तुले प्लॅन सुचते का रे?"

तोच आवाज पाळीवरूनही येत होता.

नलूबाई धावली. मी तिला धावताना त्याआधी किंवा नंतर कधी पाहिलं नाही. पाळीवर एक काटकुळी बाई फोन तोंडासमोर धरून उभी होती, पायांत चपला नव्हत्या. बराच वेळ नलूबाईचा बंद नंबर लावून झाल्यावर ती जवळच्या वाटेनं डांबरी रस्त्यावर निघाली होती, सावलीची गाडी धरायला. नलूबाई तिच्यापासून चार हातांवर थांबली.

"टोपली टाकून कुठी चालली होती वो?"

"तू चुप काऊन झाली मंग?"

"लाइन गेली होती."

"मले काय मालूम? बीपी हाये तुले. मले वाटलं..." तुळसानं फोन चोळीत खोचला. "वाटलं, पडली."

"जंगलातून एकली, चुपचाप चालली. अक्कल हाये का तुले?"

"चुपचाप कुठी? रडत होतो ना."

नलूबाईनं पदरानं स्वतःचं तोंड पुसलं. दोघी उभ्या राहिल्या. एकमेकींच्या अंगाला हात लावायचा असावा असं मला वाटलं, पण तशी त्यांना सवय नव्हती. शेवटी तुळसा म्हणाली, "फुलं तशीच पडून हायेत." आणि आम्ही तिघं झाडाखाली परत आलो.

दोघी समोरासमोर बसून वेचू लागल्या. आणि तिथे एक विचित्रच अडचण आली. रोज तासभर भांडणाऱ्या त्या दोन बायांना समोरासमोर एक शब्द सुचेना. तुळसानं एकदा खाकरून पाहिलं. नलूबाईनं "हं" केलं. पुढे नाही. झाडावरून फूल पडलेलं ऐकू येईल अशी शांतता झाली आणि दोघींनीही एकदम मान वर करून सागाकडे पाहिलं.

"मास्तर," नलूबाई म्हणाली, "तुमी बोला कायतरी. जोरानं. चुप राहनं बरं नाई इथी."

मला काय येणार? मी पाढे सुरू केले. तेराचा पाढा, शाळेत म्हणतो तसा, खड्या आवाजात. मग चौदाचा. मग पंधराचा. ऊन वर आलं. टोपली भरत होती. सोळाच्या पाढ्यात नलूबाईचे ओठ हलल्यासारखे दिसले.

"काय मनलं, बाई?" तुळसानं विचारलं.

नलूबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी पाढा थांबवला. तिनं मान खाली घालून, फुलं वेचतच पुन्हा विचारलं.

"गुडघा दुखते का अजून?"

तुळसानं हातातली फुलं टोपलीत टाकली. "दुखते," ती म्हणाली. "रात्री जास्त."

"मंग बस तू. मी वेचतो."

सोळाचा पाढा मी पुन्हा पहिल्यापासून धरला, आणि जरा जास्तच जोरात म्हटला, म्हणजे त्यांचं बोलणं मला ऐकू येतंय असं दोघींना वाटू नये.