तपासणी, दुपारच्या झोपेत

दरवाजाची कडी मुलांच्या हाताबाहेर: आहे. औषधांचं कपाट कुलपात: आहे. प्लगच्या भोकांना झाकणं: आहेत. तपासणीला आलेले साहेब एकेका ओळीवर खूण करत पाळणाघरभर फिरत होते आणि मागून संचालिकाबाई चवड्यांवर चालत होत्या, कारण मुलं नुकतीच झोपली होती. परवाना आज संपत होता. साहेबांची सही झाली नाही, तर उद्यापासून पाळणाघर बंद.

उरला होता आगीचा सराव. भोंगा वाजला की मुलं गाठी मारलेली दोरी धरून रांगेने बाहेर पडतात, हे साहेबांना डोळ्यांनी बघायचं होतं. मुलांना सांभाळणाऱ्या मावशींनी साफ सांगितलं की थोडं थांबा. कच्च्या झोपेतून उठलेली मुलं संध्याकाळपर्यंत भोकाड पसरतात आणि ते ऐकायला साहेब काही इथे नसतात.

साहेब थांबले. खुर्च्या सगळ्या नियमाप्रमाणे मुलांच्या मापाच्या, म्हणून ते मावशींशेजारी गादीवरच टेकले. मावशी एका बाळाला थोपटत होत्या, उजव्या हाताने. डावा मोकळा होता. इतक्या वर्षांची सवय. तो आपोआप शेजारच्या गुडघ्यावर पडू लागला. थप. थप. थप.

साहेब बसलेले.

साहेब भिंतीला.

साहेब आडवे.

संचालिकाबाई चवड्यांवरच मावशींजवळ आल्या. उठवावं तर साहेब ओशाळणार, आणि ओशाळलेला अधिकारी डूख धरतो. न उठवावं तर सही गेली. दोघींची बरीच कुजबुज झाली. शेवटी मावशींनीच तोडगा काढला: सराव करायचाच आहे ना, मग करून टाकू. भोंगा उठवेल, आपल्यावर नाव नको.

भोंगा वाजला. मुलं उठली, एकेक गाठ धरली आणि डोळे चोळत अंगणात गेली. एकही रडलं नाही.

साहेब कुशीवर वळले.

मावशी परत आत गेल्या, वाकल्या आणि रोजच्याच सुरात म्हणाल्या, "ऊठ राजा. चल, दोरी धर." साहेब मिटल्या डोळ्यांनी त्यांचं बोट धरून बाहेर आले आणि रांगेतली शेवटची गाठ धरून उभे राहिले.

तोंडावर ऊन आलं तेव्हा त्यांना खरी जाग आली. पुढची मुलगी मान वळवून त्यांच्याकडे बघत होती. साहेबांनी घसा खाकरला आणि कचेरीतला आवाज लावला.

"सरावाच्या वेळी एक माणूस आत राहिला होता. हे लिहावं लागेल."

संचालिकाबाईंनी मावशींकडे बघितलं.

"लिहा की," मावशी म्हणाल्या आणि गादीवरून उचलून आणलेला त्यांचा कागद-पेन पुढे केला. "फक्त कोण राहिलं होतं, तेही लिहा."

साहेबांनी कागदाकडे बघितलं. मग तो गुडघ्यावर ठेवून एका हाताने सही केली. दुसऱ्या हातात अजून दोरी होती.

"सोडू का आता?"

"आत गेल्यावर," मावशी म्हणाल्या.