माणिकमामा विमान बदलतात

आमचे माणिकमामा मिरजगावातून कर्जतला नुसती चष्म्याची काडी बसवायला निघाले, तरी खांद्यावर एक पिशवी असायचीच. पिशवीत नायलॉनची दोरी, कुलूप, बॅटरी, पकड, सुतळीचा गुंडा आणि पोती शिवायचं दाभण. शिवाय एक पितळी तांब्या, कारण हॉटेलातल्या ग्लासाला तोंड लावायचं नाही. "मामा, चष्म्याला दोरी कशाला?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "असू दे जवळ."

हे "असू दे जवळ" सगळ्या पंचक्रोशीला पाठ होतं. मामांचा भुसाराचा धंदा. तूर, ज्वारी, हरभरा घ्यायचा आणि नगरला घालायचा. धंद्यात त्यांनी कधी मोठी उडी मारली नाही, कारण उडी मारताना सामान खाली ठेवावं लागतं, असं मामी म्हणायच्या.

मजा अशी, की लागेल ती वस्तू मामांकडे कधीच नसायची. दवाखान्यात कुणाला भेटायला गेले की मामांकडे ताडपत्री असायची आणि शेतात पाऊस आला की थर्मास. माझ्या लग्नात मात्र वावटळीनं मांडवाचं एक कापड उडालं, आणि मामांनी टेम्पोतून ताडपत्री काढून बांधली. त्याला आता पंचवीस वर्षं झाली असतील. पण त्यानंतर मी कधी हसलो की मामा म्हणायचे, "हास, हास. तुझं लगीन माझ्या ताडपत्रीखाली झालंय."

"एक दिवस मलाबी घाला पिशवीत आन् न्या कुठं न्यायचं ते," मामी म्हणायच्या.

"तू मावत न्हाईस," मामा म्हणायचे. संसारातलं एवढंच बोलणं आम्ही चारचौघांत ऐकलेलं.

मामांची मुलगी वैशाली लग्न होऊन कॅनडात गेली. तिच्या बाळंतपणासाठी दोघांचाही व्हिसा काढला होता, पण मामी एकट्याच गेल्या. "खळ्यावर तूर पडलीय, ती कोन बघंल?" म्हणून मामा मागं राहिले. नातू झाला. मामी मोबाईलवर त्याला दाखवायच्या, तेव्हा मामा पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन विचारायचे, "थंडी हाय का तिकडं?" आणि फोन वैशालीकडे जाईस्तोवर तेच विचारत राहायचे.

मग एका सकाळी वैशालीचा मला फोन आला. आईला हृदयविकाराचा झटका आला होता, नंतर किडन्याही काम करीनाशा झाल्या. "दादांना घेऊन ये रे. लवकर," एवढंच ती म्हणाली. माझा मुलगा तिकडं शिकतो, त्यामुळं माझ्याकडे व्हिसा होता, आणि मामांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. जायचं मलाच होतं.

ऐनवेळी सरळ तिकीट मिळेना. नगरच्या एजंटानं दोन वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटं जोडून दिली. एका कंपनीच्या विमानानं मुंबईहून आखातातल्या एका शहरात जायचं आणि तिथून दुसऱ्या कंपनीच्या विमानानं टोरांटोला. मध्ये वेळ थोडा होता. एजंट म्हणाला, "सर, पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरी कंपनी थांबत नाही. त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. आणि मोठी बॅग नेऊच नका. ती तिथं बाहेर येऊन घ्यावी लागेल, परत द्यावी लागेल. तेवढ्यात विमान जाईल."

मी मामांना हे तीनदा सांगितलं. मामा गाडीत बसायला आले ते भली मोठी बॅग घेऊन. वरून सुतळीनं आवळलेली.

"मामा!"

"तिची गोधडी हाय त्यात. तिला तिकडची पांघरुनं उबत न्हाईत. ज्वारीचं पीठ हाय. शेंगदान्याची चटनी हाय. दवाखान्याचं खाऊन मानूस बरा व्हतो का?"

मी बॅग उचलून गाडीत टाकली.

मुंबईच्या विमानतळावर ती मोठी बॅग पट्ट्यावरून गेली आणि मामा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. पुढं तपासणीत हातातली पिशवी उघडली. दाभण निघालं, पकड निघाली, कुलूप निघालं. अधिकारी एकेक वस्तू ट्रेमध्ये मांडत गेला आणि मागं रांग वाढत गेली. दाभण आणि पकड नेता येणार नाहीत म्हणाला. मामांनी हुज्जत घातली नाही. एवढंच म्हणाले, "सायेब, ते दाभण माझ्या बापाचं हाय. नीट ठिवा." अधिकारी वयानं लहान होता. "ठेवतो काका," असं तो मराठीत म्हणाला. मामांना तेवढं पुरलं.

विमानात बसलो आणि विमान जागेवरून हलेना. धावपट्टीवर रांग होती म्हणे. मी घड्याळ बघत होतो. मामा माझ्याकडे बघत होते. "ड्रायव्हरला सांग की, आमचं मानूस दवाखान्यात हाय म्हनून." मी सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता.

आखातात उतरलो तेव्हा बाहेर कडक ऊन होतं आणि आत काचेच्या इमारतीत हुडहुडी भरेल असा गारठा. विमानाच्या दारातच धक्काबुक्की चालली होती. विमान बदलणाऱ्यांसाठी एक काउंटर होता, तिथं मी तिकिटं पुढं केली. पलीकडचा माणूस हिंदी बोलणारा निघाला. त्यानं घड्याळ पाहिलं, बॅगेची चिठ्ठी पाहिली आणि मान हलवली.

"बॅग लेने बाहर जाओगे तो फ्लाइट नहीं मिलेगी. उधर लंबी लाइन है. चाचा को पूछो, बॅग चाहिए या जहाज?"

मी मामांकडे वळलो. त्यांना आधीच समजलं होतं. त्यांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, एकदा पाहिली आणि काउंटरवर ठेवून दिली.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "पळ."

दुसऱ्या कंपनीचं विमान दुसऱ्या इमारतीतून सुटत होतं. आधी बस, मग सरकते जिने, मग पुन्हा तपासणी, मग न संपणारी गॅलरी. वैशालीच्या सांगण्यावरून मामांनी नवे बूट घेतले होते आणि ते चावत होते. तपासणीत काढायला लावलेले बूट त्यांनी पुन्हा घातलेच नाहीत. एका हातात बूट, दुसऱ्या हातात पिशवी, डोक्यावर टोपी, पांढरा पायजमा, अशा थाटात सत्तरीचा माणूस त्या चकचकीत फरशीवरून अनवाणी पळत होता. अत्तराच्या दुकानातल्या मुली वळून बघत होत्या. मध्येच पिशवीचा बंद तुटला. तांब्या घरंगळत गेला आणि त्याचा आवाज साऱ्या गॅलरीत घुमला. मी उचलायला वाकलो तर मामा पुढूनच ओरडले, "सोड त्याला!" हातातली पिशवीही त्यांनी तिथंच टाकली.

गेटपाशी पोचलो तर तिथली बाई वाटेवर दोर लावत होती. "क्लोज्ड," म्हणाली. मी इंग्रजीत समजावू लागलो आणि माझी वाक्यं धापेत तुटू लागली. मामांनी बूट खाली ठेवले, हात जोडले आणि मराठीत म्हणाले, "बाई, माझी बायकू तिकडं एकटी पडलीय."

तिला काय कळलं देव जाणे. तिनं फोन उचलला, कुणाशी तरी बोलली आणि दोर सोडला.

विमान उडाल्यावर मामांनी जेवणाला हात लावला नाही. मांडीवर दोन्ही तळवे उताणे ठेवून बसले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "सुभाष, तुझी पिशवी दे जरा धरायला. हातात काई नसलं की कसं तरी वाटतं." मी माझी पिशवी दिली. ती पोटाशी धरून ते टोरांटोपर्यंत बसून राहिले. झोपले नाहीत.

त्या मोठ्या बॅगेची चौकशी पुढं त्यांनी कधीच केली नाही. मीही केली नाही.

वैशाली आम्हाला विमानतळावरून थेट दवाखान्यात घेऊन गेली. मामी नळ्यांच्या जाळ्यात होत्या, इतक्या बारीक झालेल्या की मला आधी ओळखूच आल्या नाहीत. डोळे मिटलेले. नर्स वैशालीला काहीतरी म्हणाली. वैशालीनं वडलांना सांगितलं, "दादा, बोला तिच्याशी. नावानं हाक मारा म्हणतायत. ऐकू येतं तिला."

मामा अवघडले. सबंध संसारात त्यांनी मामींना नावानं हाक मारल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. "ऐकलं का", "अगं ए", नाहीतर नुसतं खाकरणं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं.

"तुमी जरा भायेर थांबता का?"

आम्ही बाहेर झालो. बाहेर म्हणजे काय, नुसता एक पडदा मध्ये. आत खुर्ची सरकली. मग मामांचा आवाज आला, दबका, कधी न ऐकलेला.

"कमळ... ए कमळ. आलोय म्या."

मग त्याहून दबका दुसरा आवाज.

"हळू बोला. भाचा हाय ना भायेर."

वैशालीनं तोंडात ओढणीचा पदर कोंबला. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

मामी तो आठवडा होत्या. मामा रोज सकाळी यायचे, आम्हाला पडद्याबाहेर काढायचे आणि खुर्ची पलंगाला चिकटवून बसायचे. आम्हाला शब्द ऐकू यायचे नाहीत. नाव तेवढं मधून मधून ऐकू यायचं, आणि मग मामींचं पुटपुटणं.

शेवटच्या दुपारी ते नाव पडद्याआडून कितीतरी वेळ येत राहिलं. उत्तर येत नव्हतं. आत जायला आमच्यापैकी कुणीच उठलं नाही.