हंड्यामागचा गीझर

शिरसीपासून आत, सुपारीच्या बागेत, सुब्राय हेगडे आपल्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात. दर तालुक्यात सर्वांत कमी आहे आणि तो तसाच राहावा याबद्दल पाहुण्यांचे एकमत आहे. या खोल्यांसाठी गीझर बसवावा की नाही, हा प्रश्न यंदा आषाढात उपस्थित झाला.

वास्तविक मागणी जुनी होती, पण ती सुब्रायांच्या पत्नीची, सुमंगलाबाईंची होती. अंगणापलीकडच्या न्हाणीघरात चुलीवर तांब्याचा मोठा हंडा बसवलेला आहे. पहाटे डोक्यावर पोते घेऊन पावसातून तिथे जायचे, दमट सुपारीची साले फुंकून पेटवायची आणि घराचे व पाहुण्यांचे पाणी तापवायचे, हे काम लग्न झाल्यापासून त्यांच्याकडे होते. मागणी दर पावसाळ्यात मांडली जाई आणि योग्य वेळी विचार करण्याचे ठरे.

योग्य वेळ बेंगळुरूहून आली. रमणमूर्ती नावाच्या पाहुण्याने फोनवरच्या अभिप्रायात तीनच तारे दिले आणि नळाला गरम पाणी नसल्याचे कळवले. सुब्रायांना त्या दुपारी जेवणातल्या कैरीच्या अप्पेहुळीची चव लागेना. सल्ल्यासाठी चुलतभाऊ विघ्नेश्वर आला. त्याच्या चार खोल्या होत्या, त्यामुळे तो तज्ज्ञ होता. तीन तारे म्हणजे घरात सुतक समज, असे त्याने सांगितले. आठवड्याच्या आत पाहुण्यांच्या मोरीत गीझर लागला. तिथून एक नळी आपल्या बाजूला आणावी, असे सुमंगलाबाईंनी सुचवले. ही सुविधा पाहुण्यांसाठी असून घरच्यांनी वापरल्यास वीजबिल वाढेल, असे त्यांना समजावण्यात आले.

पुढच्या पाहुण्यांनीही तीन तारे दिले. गीझर आमच्या घरीही आहे, गावाचा अनुभव आला नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

विघ्नेश्वर पुन्हा आला. त्याने गीझर न्हाणीघराच्या भिंतीमागे लपवला, नळी हंड्यात सोडली आणि खाली धुरापुरता जाळ ठेवायला सांगितला. "अण्णा, लोक फोटो धुराचा काढतात आणि आंघोळ पाण्याने करतात. दोन्ही विभाग वेगळे ठेव."

पाहुणे नऊला उठत. त्यामुळे सुमंगलाबाई आता पहाटे घरच्या पाण्यासाठी आणि नऊला धुरासाठी, असा दोनदा जाळ करू लागल्या. धूर डोळ्यांना झोंबतो अशी तक्रार आल्यावर त्यासाठी कोरडी साले निवडून ठेवण्याचे काम वाढले. मग वाऱ्याने तारा तुटल्या आणि वीज गेली ती गेलीच. गीझर भिंतीमागे थंड पडून राहिला. पाणी जाळावरच तापले, आणि पाहुण्यांनी पाच तारे देऊन 'अस्सल' असे लिहिले.

"अहो, गीझर त्यांना लागत नाही असं दिसतंय," सुमंगलाबाई म्हणाल्या. "आता तरी तो मला द्या."

"तुला दिला तर हंडा कोण पेटवणार?" सुब्राय म्हणाले. प्रश्न बिनतोड होता.

सुमंगलाबाईंनी दुधाच्या पैशांतून फोनवर रीतसर आपल्याच घरातली शनिवारची खोली घेतली. मालकाने खोली नाकारल्यास दंड होता. सुब्रायांचा नाइलाज झाला.

रविवारी पहाटे, वीज अजून आलेली नसताना, सुब्राय डोक्यावर पोते घेऊन न्हाणीघरात गेले. साले पेटेनात. फुंकताना राख डोळ्यांत गेली. नऊला त्यांनी खोलीचे दार वाजवले आणि सवयीने अदबीने म्हणाले, "पाणी तयार आहे."

आतून जांभई ऐकू आली. "नळाला येत नाही का?"

दुपारी अभिप्राय झळकला. तीन तारे. 'खोली स्वच्छ. पाणी कोमट. नीर दोसा तव्यालाच राहिला. गीझर घरच्यांना द्यावा, मालकाचे डोळे फार लाल दिसले.'

बायकोचे बोलणे सुब्रायांनी वर्षानुवर्षे सोसले होते, पण पाहुण्याचे तीन तारे त्यांना सोसत नसत. सोमवारी वीज आली, नळवाला आला आणि गीझर घरात गेला. पाहुण्यांच्या हंड्याचे काय, हे सुमंगलाबाईंनीच ठरवले. हंडा पाहुण्यांनी पहाटे स्वतः पेटवायचा, आणि अस्सल अनुभव म्हणून त्याचे जादा पैसे मोजायचे.

खोल्या आता दिवाळीपर्यंत भरल्या आहेत. पहिले आले ते रमणमूर्तीच, या खेपेस सपत्नीक. पहाटे पोते डोक्यावर घेऊन त्यांनी चूल फुंकली, लाल डोळ्यांनी फोटो काढून घेतला आणि पाच तारे दिले. घरातल्यांसाठी पहाटे उठण्यात जी शांती आहे ती शहरात विकत मिळत नाही, असे त्यांनी लिहिले.

निघताना त्यांच्या पत्नीने सर्वांदेखत विचारले, "मग उद्यापासून घरी सकाळचा चहा तुम्ही करणार ना?"

रमणमूर्तींनी गाडीची किल्ली शोधत सांगितले की योग्य वेळी विचार करू. ओसरीवर उभ्या सुब्रायांनी समजुतीने मान हलवली.