बसप्पा आप्पांचे ‘नम्मवरे’

दि. १२ जून, सोमवार, सकाळी साडेदहा. हजर: मी, शबाना आणि बसप्पा आप्पा (टेबलाखाली).

कंसातला शब्द चुकून पडलेला नाही. आमच्या सोमवारच्या बैठकीचं इतिवृत्त मी लिहिते आणि जे असतं तेच लिहिते. आप्पा त्या दिवशी खरोखर टेबलाखाली होते. शनिवारी नवं टेबल आलं होतं. चाकांच्या खुर्चीतला माणूस पुढे सरकला की त्याचे गुडघे कुठे अडतात, हे त्यांना पाहायचं होतं.

“आप्पा, मेरे पावां हैं उधर,” शबाना म्हणाली.

“तुझं पाय ऱ्हाऊ दे. हितं खिळा हाय,” खालून आवाज आला.

खिळा होता. शबानाचा दुपट्टा शनिवारीच त्यात अडकून फाटला होता. ते तिने सांगितलं नव्हतं आणि माझ्या यादीत आलं नव्हतं.

आमचं केंद्र सोलापूरच्या भवानी पेठेत तळमजल्यावर, दोन खोल्यांत आहे. आदिवासी समाजातल्या अपंग माणसांना काम शोधून देणं आणि मिळालेलं काम टिकेपर्यंत पाठीशी राहणं, एवढंच आम्ही करतो. कागदावर ‘दिव्यांग’ लिहावं लागतं. शबानाच्या दोन्ही पायांना लहानपणापासून कॅलिपर आहेत. ती म्हणते, “दिव्य ऱ्हाऊ दे मॅडम, बँकेच्या पायरीला कठडा लावा म्हणावं.” ती फोन आणि संगणक सांभाळते, मी फायली आणि याद्या सांभाळते, आणि आप्पा बाहेरचं सगळं.

आप्पा मूळचे दुधनीचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. तीस वर्षं त्यांनी सोलापुरात यंत्रमागांवर जॉबर म्हणून काढली. जॉबर म्हणजे बिघडलेला माग चालता करणारा माणूस. त्यामुळे शहरातला जवळजवळ प्रत्येक कारखानदार त्यांच्या ओळखीचा आहे, आणि मागांच्या खडखडाटामुळे त्यांचे कान अर्धे गेले आहेत. आपण कुजबुजतो आहोत अशी त्यांची समजूत असते. एकदा एका कचेरीत ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “ह्या साहेबाला काय कळत न्हाय, बाई. दुसऱ्याकडं जाऊ.” साहेबांनीच आम्हाला दुसऱ्याचं टेबल दाखवलं.

कुठे जागा आहे असं कळलं की आप्पा आधी एकटे जातात. मालक म्हणतो, माणूस पाठवा. आप्पा म्हणतात, “आधी मी बसून बघतो की.” आणि बसतात. बेकरीत पाव भरायला बसले, झेरॉक्सच्या दुकानात बसले, पेट्रोल पंपाच्या काचेच्या खोलीत भर मे महिन्यात तीन तास बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, “हितं माणूस न्हाय, पापड ठेवा.” प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न संडास कुठे आहे हा. मग तिथे जाऊन कडी लावून बघायची, पायऱ्या मोजायच्या, कठडा हलवून बघायचा. आल्या आल्या हा माणूस तिकडेच धावतो हे पाहून आतापर्यंत तीन मालकांनी त्यांना साखर तपासून घ्यायला सांगितलं आहे.

या पाहणीसाठी मी चौदा मुद्द्यांचा तक्ता केला होता. दाराची रुंदी, उजेड, पाण्याची सोय वगैरे. आप्पा तक्ता नेतात आणि चौदाही रकान्यांवरून तिरपं एकच उत्तर लिहून आणतात: ‘बसतंय’ किंवा ‘बसत न्हाय’. पहिलं वर्षभर मी भांडले. नंतर लक्षात आलं, ‘बसतंय’ म्हटलेल्या जागेवरून आमचं माणूस सहसा परत येत नाही. आता मी ते एक उत्तर चौदा रकान्यांत वाटून घेते.

त्यांचा आणखी एक शब्द आहे, ‘नम्मवरे’. कानडीत त्याचा अर्थ आपलीच माणसं. आमच्या नोंदवहीत ज्याचं नाव चढलं तो आप्पांच्या दृष्टीने नम्मवरे. फोनवर ते ओरडतात, “नम्मवरे एक जण पाठवलाय, बघ जरा.” शबानासुद्धा नम्मवरे. मी मात्र कधी बाई आणि कधी मॅडम.

हाच शब्द सुरेखाच्या वेळी आमच्या अंगाशी आला.

सुरेखा काळे पारधी समाजाची, वय तिशीच्या आसपास. वस्ती बार्शी रोडला, एका मठाच्या मागच्या माळावर. लहानपणी डावा पाय मोडला, तो वाकडाच सांधला. काठी घेऊन चालते, पण फार वेळ उभी राहू शकत नाही. आधी स्टँडवर फण्या आणि पिना विकायची. पोलीस आले की बाकीच्या उठून पळायच्या, ही मागे राहायची. “दर बारीला मीच घावायचे,” ती नाव नोंदवताना म्हणाली. “मला बसून करायचं काम द्या. पळायचं नको.”

आप्पांनी तिच्यासाठी वीरभद्रशेठचा टॉवेलचा कारखाना धरला. तिथे घड्या घालून डझनाचे गठ्ठे बांधायचं काम असतं. टेबल उंच, बायका उभ्यानेच काम करतात. आप्पा दोन दिवस तिथे टॉवेलांच्या घड्या घालत बसले. तिसऱ्या दिवशी सुताराकडून एक उंच स्टूल करवून आणलं, पाय टेकायला खाली आडवी पट्टी असलेलं. चौथ्या दिवशी सुरेखा स्टुलावर बसली.

वीरभद्रशेठला आप्पांनी अर्ध्या चड्डीत पाहिलेलं. शेठने कानडीत विचारलं, “यारु इवरु?” ह्या कोण?

आप्पा म्हणाले, “नम्मवरे.”

शेठ लिंगायत, आप्पा लिंगायत. त्या गल्लीत एका लिंगायताने दुसऱ्याला ‘नम्मवरे’ सांगितलं की त्याचा एकच अर्थ निघतो. शेठने पुढे काही विचारलं नाही.

शेठच्या आई, अव्वा, दुपारी कारखान्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात. त्यांनी सुरेखाला विचारलं, “कुठल्या मठाच्या गं तुम्ही?”

“मठाच्या मागंच ऱ्हातो की आमी,” सुरेखा म्हणाली.

लिंगायतांत घराणी मठावरून ओळखतात. अव्वांना फार बरं वाटलं. पुढच्या सोमवारी त्यांनी तिला जवळ बोलावून विभूतीची एक पांढरीशुभ्र वडी हातावर ठेवली. सुरेखाने ती नीट निरखली, पदराला बांधली, आणि दुपारी तिने डझनाच्या गठ्ठ्यांवर खुणा करायला सुरुवात केली. शिंप्याकडे असतो तसला खडू असेल असं तिला वाटलं. तिच्या मते खडू चांगला होता, फक्त जरा भुसभुशीत.

चार वाजता अव्वा फेरी मारायला आत आल्या. रांगेत चाळीस गठ्ठे, प्रत्येकावर, कपाळावर ओढतात तशा, विभूतीच्या तीन-तीन रेघा.

“हे काय केलंस गं?”

“तीन नंबरचा माल हाय, अव्वा. म्हणून तीन.”

अव्वांनी एका रेघेवरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली विभूती पाहिली. मग त्यांनी विचारलं, “तू कोण?”

“पारधी,” सुरेखा म्हणाली.

अर्ध्या तासात मला शेठचा फोन आला. आप्पा आणि मी रिक्षाने गेलो. सुरेखा स्टुलावरच होती, हात चालू होते. बाकीच्या बायका टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकल्या होत्या.

“आप्पा, तुम्ही मला फसवलं,” शेठ म्हणाला.

“काय फसवलं? नम्मवरे म्हणालो. हाय की नम्मवरे. आमच्या वहीत नाव हाय तिचं.”

“वहीचं कोण विचारतंय? माल इथं उघडा पडलेला असतो. उद्या काही गेलं तर ह्या सगळ्या हिच्याकडं बोट दाखवतील. मी कुणाकुणाला सांभाळू?”

“गेलं तर मला धर.”

तोपर्यंत सुरेखाने हातातली घडी पुरी केली होती. ती म्हणाली, “तुमाला कशाला धरायचं आप्पा? आन् मालक, बोट दाखवायला काय बी जावं लागत न्हाय. न्हानपणापास्नं बघतोय आमी.” मग ती आमच्याकडे वळली. “मी लपवलं न्हाय. ह्यांनी इचारलं ते आप्पांना. तुमी सांगितलं ते आपसात. मला आज अव्वांनी इचारलं, मी लगीच सांगितलं.”

आप्पांनी कानामागे हात धरला होता. त्यांना शब्द न् शब्द ऐकू आला असावा, कारण त्यांनी परत विचारलं नाही.

मलाही ऐकू आलं. माझ्या चौदा मुद्द्यांत संडासाची कडी होती. आपण कोण ते स्वतः सांगायचं, की आम्ही सांगायचं, की सांगायचंच नाही, हे त्या माणसालाच विचारण्याचा मुद्दा नव्हता. रात्रीपर्यंत न थांबता, तिथेच, हातातल्या तक्त्यावर मी पंधरावा मुद्दा लिहिला.

मुकादम मध्ये पडला. “घडी सरळ येते हिची. ह्या ऑर्डरला मला हात पायजेत, शेठ.”

शेठने कपाळ चोळलं. “ऑर्डर जाईपर्यंत राहू दे.”

सुरेखाने पदराची गाठ सोडली आणि उरलेला तुकडा अव्वांपुढे धरला. अव्वांनी तो घेतला, लुगड्याला पुसला, स्वतःच्या कपाळाला लावला, आणि खुर्चीकडे गेल्या.

ऑर्डर गेली. पाठोपाठ दुसरी आली. सुरेखाला उद्यापासून येऊ नको असं कुणी म्हटलं नाही. आमच्या कामात यालाच ‘टिकली’ म्हणतात. आमचा नियम असा की पहिला आठवडा रोज भेट, मग आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा, मग फक्त फोन. आपण मागे सरकलो नाही तर ते माणूस पुढे जात नाही. हा नियम मीच भिंतीवर लावला आहे.

महिनाअखेरीला मी बाहेर जाण्याची वही तपासली. आप्पांच्या नावापुढे रोज एकच नोंद: ‘दु. १ ते २, टॉवेल कारखाना, पाठपुरावा’. एकही दिवस सुटलेला नव्हता.

“आप्पा, रोज कसला पाठपुरावा?”

“स्टूल हलतंय बाई जरा.”

“महिनाभर?”

“फरशी वाकडी हाय.”

आप्पा खोटं बोलतात तेव्हा त्यांचा आवाज खाली येतो. एरवी कधीच येत नाही. गुरुवारी एक वाजता मी न सांगता गेले.

माग जेवणाच्या सुट्टीसाठी बंद होते. आत टेबलाभोवती बायका गोल करून डबे सोडत होत्या. सुरेखा त्यांच्यात नव्हती. ती मागच्या बोळात, सुताच्या रिकाम्या गोणीवर बसली होती. समोर दुसऱ्या गोणीवर आप्पा. दोघांच्या मध्ये वर्तमानपत्र, त्यावर तिची भाकरी आणि त्यांचा डबा.

मला कोपऱ्याआडूनही सगळं ऐकू येत होतं. आप्पांशी बोलायचं तर समोरच्यालाही ओरडावं लागतं.

“आप्पा, तुमी रोज का येता? मी काय पळून जात न्हाय.”

“पळशील कशी? पाय कुठाय तुला?”

“तुमाला कान कुटं हायेत?”

आप्पा हसले. तिची शेंगाची चटणी बोटाने घेऊन चाटली. “तिखट केलंस.”

“काल आळणी म्हणाला. तुमचं एक काय त्ये ठरवा.”

मग आप्पा म्हणाले, “शांतव्वा गेल्यापास्नं घरी ताट वाढून घेतो. समोर कोण नसतंय. भाजीत मीठ कमी हाय हे सांगायचं कुणाला?”

“मला सांगा की. तसं बी बाकीच्या कोण माझ्याजवळ बसत न्हाईत.”

“बसतील.”

“बसतील तवा बसतील. पयले बारा दिवस बसत होत्या. माझं लोणचं खायच्या. आता डबा उचलून तिकडं नेतात.” तिने भाकरीचा तुकडा मोडला. “आन् मॅडमला सांगू नका. त्या बैठक लावतील.”

मी तशीच मागे फिरले.

शांतव्वा, आप्पांची बायको, गेल्या तेव्हा आप्पांनी तीन दिवसांची रजा घेतली होती. ती नोंद माझ्याच हातची आहे. चौथ्या दिवशी ते आले, बसले, नेहमीसारखे ओरडले, आणि मी त्यांच्यापुढे पाहणीचा तक्ता सरकवला होता. घरी जेवता का, कुणाबरोबर जेवता, हे मी विचारलं नव्हतं.

सुरेखाचं म्हणणं बरोबर होतं. मी बैठक लावलीच असती. अकरा बायका, एक शेठ, अव्वा, चहा, आणि शेवटी सगळ्यांच्या सह्या. सह्या झाल्यावर त्या तिच्याशेजारी बसल्याही असत्या, वर्गात बाई बसवतात तशा.

सोमवारी मी यादी लिहिली. आप्पांच्या रोजच्या भेटी बंद करणे, हा मुद्दा लिहिला आणि खोडला. त्याखाली लिहिलं: सुरेखाचं जेवण. कुणी करायचं, कधीपर्यंत, हे दोन रकाने मोकळे ठेवले.

शबानाने यादी टाइप करताना विचारलं, “मॅडम, इसमें किसका नाम डालूं?”

“विचार करते,” मी म्हणाले.

आप्पा एक वाजता डबा घेऊन निघाले. वहीत त्यांनी ‘पाठपुरावा’ लिहिलं, आणि मी सही केली. त्यानंतर तीन सोमवार झाले. बाकीचे मुद्दे निकाली निघतात, नवे येतात. हा मुद्दा मी दर वेळी नव्या यादीत खाली उतरवून घेते, आणि ते दोन रकाने अजून भरलेले नाहीत.