'आपण सगळे' आणि बोंडे सर

बोंडे सरांसमोर 'आपण सगळे' असं म्हणायची चोरी होती. कोणी म्हटलंच, तर सर चष्मा कपाळावर चढवून विचारत, "आपण म्हणजे कोण? नावं सांगा." गणपतीच्या बैठकीत एकदा मी सहज म्हणून गेलो, "आपल्या सगळ्यांनाच शिरा आवडतो." सरांनी जिने चढून-उतरून सोसायटीच्या सोळाही घरी विचारून आणलं. अकरा घरांना आवडत होता. "उरलेल्या पाचांचं तोंड दाबलंत तुम्ही, वाणीभाऊ," सर म्हणाले. त्या वर्षी मला शिरा गोड लागला नाही.

सर मूळचे फैजपूरकडचे. धुळ्याच्या एका कॉलेजात तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि जळगावात आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायला आले. संशयी इतके, की दूधवाल्याने "नेहमीसारखंच दूध आहे" म्हटलं की पातेलं उजेडात धरून बघत. पेपरात 'एकमताने मंजूर' दिसलं की त्याखाली लाल रेघ मारत आणि बाजूला लिहीत, 'गप्प कोण बसलं?'

माझा स्वभाव उलटा. माझं औषधांचं दुकान. सकाळी शटर वर, रात्री खाली, घरी आलो की दार लावून घ्यायचं. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. त्यामुळे सोसायटीचा ठराव सहीसाठी आला, तेव्हा मी तो नीट न वाचताच सही केली.

ठराव होता सुनीतासाठी. ही तळमजल्यावरची भाडेकरू. एका दवाखान्यात नर्स, एकटी राहायची, गाव चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी. तिच्याकडे माणसं फार येत. डोक्याला फडकं बांधलेले म्हातारे, गाठोडी घेतलेल्या बाया, कधी दोन-दोन दिवस मुक्काम. आमच्या जिन्यात कुजबूज सुरू झाली. ही एवढी माणसं कोण? कशाला येतात? मग अध्यक्ष खैरनार आबांनी ठरवलं, की एकट्या भाडेकरूकडे येणाऱ्याने गेटवरच्या वहीत नाव, नातं आणि कारण लिहायचं.

आबा शिंदखेड्याचे, मनाने भला माणूस. सरांनी जाब विचारला तेव्हा म्हणाले, "सर, पोरगी एकटी शे, म्हनीसन काळजी. बठ्ठा हाईच म्हनतस!"

"बठ्ठा म्हणजे सगळे. सगळे म्हणजे कोण? नावं सांगा."

आबांनी सह्यांचा कागद दाखवला. सरांनी तो दोनदा वाचला आणि माझ्या सहीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सर गेटजवळ खुर्ची टाकून बसले. एप्रिलचं ऊन, डोक्यावर ओला पंचा, मांडीवर स्वतःची वेगळी वही. "नियम चांगला आहे ना? मग सगळ्यांना लागू होऊ दे." सोळाही घरांची नोंद सुरू झाली. 'आबांकडे: मेहुणे. कारण: सांगितले नाही. चेहरा उतरलेला.' 'वाणींकडे: सासूबाई. पिशव्या तीन. मुक्काम: अनिश्चित.' वही उघडीच असे, येणारा-जाणारा वाची. आठवड्यात अर्धी सोसायटी एकमेकांशी बोलेनाशी झाली.

आता सगळ्यांना संशय आला तो सरांचाच. कोणी म्हणे, नगरसेवकाचं तिकीट हवंय. कोणी म्हणे, आबांची खुर्ची. आमची ही पोळी लाटता लाटता म्हणाली, "एका पोरीसाठी म्हातारा एवढ्या उन्हात बसतो? काहीतरी असणारच." मला ते पटलं, हे आज सांगायला लाज वाटते.

शेवटी बैठक बोलावली. आबांचा आवाज दुखावलेला होता. "मी कधी तिच्या पाहुण्याला अडवलं का, सर? एकदा तरी?"

"नाही अडवलं. तुम्ही चांगले आहात हो, आबा," सर म्हणाले. "पण तिचं दार तुमच्या चांगुलपणावर उघडं राहतंय. उद्या तुमचं डोकं फिरलं, नाहीतर तुमच्या जागी दुसरा आला, तर? मालक मायाळू असला तरी मालकच."

मी मध्ये तोंड घातलं. "सर, सोडा ना. ज्याने त्याने आपापलं दार लावावं, कोणी कोणाच्या भानगडीत पडू नये. झालं."

"तुम्ही दार लावून बसलात, म्हणून तर ही वही आली, वाणीभाऊ," सर म्हणाले. "इतक्या दिवसांत तिला कोणी विचारलं?"

कोणीच विचारलं नव्हतं. सुनीता मागे भिंतीला टेकून उभी होती, दवाखान्याच्या गणवेशातच. सगळ्या माना वळल्या तेव्हा ती जपून बोलली. "गावाकडची माणसं आहेत. दवाखान्यात दाखवायला येतात. इथं कोणी ओळखीचं नसतं, म्हणून माझ्याकडे उतरतात. वहीत नातं लिहा म्हणता. काय लिहू? नातं काहीच नाही."

"आमनं शिंदखेडानं घर बी असंच व्हतं," आबा हळूच म्हणाले. मग उठले, गेटवर गेले आणि वही काखेत मारून घरी घेऊन गेले. ती पुन्हा दिसली नाही. सरांनीही आपली वही बंद केली.

माझा संशय मात्र गेला नव्हता. त्याच संध्याकाळी मी वर गेलो आणि सरळ विचारलं, "सर, खरं सांगा. यात तुमचं काय?"

त्यांनी चहा टाकला. दोन कप विसळायला जरा जास्तच वेळ घेतला.

"माझी मुलगी नाशिकला नोकरीला होती. एकटी राहायची. ऑफिसातली मंडळी घरी यायची, म्हणून बिल्डिंगवाल्यांनी ठराव करून खोली सोडायला लावली. तिने रडत मला फोन केला. तीस वर्षं वर्गात व्यक्ती आणि समाज शिकवला मी. आणि तिला काय म्हणालो, माहितीये? सगळेच म्हणताहेत, तर काहीतरी असेलच."

मी कप खाली ठेवला.

"चार वर्षं झाली. माझा फोन उचलत नाही. दर रविवारी लावतो." मग चाचरत म्हणाले, "तुमच्या फोनवरून लावता? नुसतं कशी आहे ते विचारा. मी इथं आहे, हे सांगू नका."

मी त्यांनी दिलेला नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला. तिसऱ्या रिंगला उचलला. "कोण?"

"मी वाणी, जळगावहून. तुमच्या वडिलांच्या खालच्या मजल्यावर राहतो."

पलीकडून एकदम बारीक आवाज आला, "बाबा बरे आहेत ना?"

सर जोरजोरात 'हो, हो' अशी मान हलवत होते. डोळे मिटलेले, ओठ घट्ट. हललेली मान फोनवर ऐकू जात नाही, म्हणून मी म्हणालो, "बरे आहेत. इथं समोरच बसलेत."

"द्या त्यांच्याकडे," ती म्हणाली.

सरांनी फोन दोन्ही हातांनी घेतला. मी उठलो आणि बाहेर पडताना दार हलकेच ओढून घेतलं.