उंच चाकं, बुटकी चाकं

हेडक्लार्कसाहेबांना निर्णय तो काय घ्यायचा होता? शर्यतीच्या सायकलला चाकं कोणती लावायची, एवढाच. लोक याहून कमी चौकशीत लग्न उरकतात (साहेबांनीही उरकलं होतं).

दुकानदारानं सरळ सांगितलं, "मध्यम रिमची घ्या. वारा असो, चढ असो, कुठंही चालतात."

मध्यम? साहेबांना ते लागलंच. उंची मध्यम, पगार मध्यम, शाळेतले मार्क मध्यम, आता चाकंही मध्यमच? त्यांनी तडक दोन जोड्या उचलल्या. एक उंच रिमची, म्हणजे चाकाची कड चांगली रुंद, सपाट रस्त्यावर सुसाट पळायला. दुसरी बुटक्या रिमची, कारण आडवा वारा सुटला की उंच रिम सायकलीसकट माणसाला कडेला नेते म्हणे. मागच्या चाकावर चेन चढते ती दातेरी चकत्यांची कॅसेट मात्र एकच घेतली. चाक बदललं की ती काढून दुसऱ्यावर बसवायची, त्यात काय मोठंसं!

झालं! छोट्या खोलीत चाकं आली आणि बायकोचं शिलाई मशीन पलंगाखाली गेलं. साहेब जेवता जेवता उठून ओलं बोट खिडकीबाहेर काढू लागले. ऑफिसात कागद फडफडले तरी बेचैन, नाही फडफडले तरी बेचैन.

"अहो, बूड टेका की जरा एका जागी!"

"अगं, पण उंच की बुटकी?"

"माझं मशीन बाहेर कधी येणार, ते सांगा आधी." बायकोनं मग अटच घातली. "गेल्या वर्षी शेवटचा नंबर काढलात. माझा भाऊ अजून हसतोय. यंदाही तेच झालं, तर सगळी चाकं घराबाहेर आणि खोली माझी."

"आणि नाही झालं तर?"

"तर ज्या चाकांवर याल ती त्या खोलीत राहतील. मानानं!"

शर्यतीच्या दिवशी सकाळी उंच चाकं तयार होती. साहेब बूट चढवत होते, तोच खिडकीचा पडदा हलला. वारा! साहेबांनी धावत जाऊन कॅसेट उपसली, बुटक्या चाकावर बसवली, हात कोपरापर्यंत काळे केले.

"अहो, पंखा लावलाय मी," आतून बायको म्हणाली.

"मग आधी सांगायचं नाही?"

"मला कुठं विचारलंत? तुम्ही पडद्याकडे बघत होतात."

साहेबांनी कपाळावर हात मारला (कपाळही काळं झालं) आणि उंच चाकं उचलून गाडीत कोंबली. सायकल, चाकं, पंप, हत्यारं एवढं सगळं गाडीत मावलं, फक्त बायको मावली नाही. ती बिचारी आपली टोपलीवाली सायकल काढून मागून निघाली.

एकेका स्पर्धकाला वेगळं सोडायचं, घड्याळाशी शर्यत, असा तिथला प्रकार. मेहुणा आधीच हजर होता. त्याच्याही सायकलला उंच चाकं.

"वा दाजी, काय चाक आहे!"

साहेबांनी तोऱ्यात मागचं चाक बसवलं, चेन हातात घेतली आणि थबकले. चेन घालायची कशावर? कॅसेट घरी बुटक्या चाकावर बसून राहिली होती. चाक हातानं फिरवलं की छान भिरभिरत होतं. पॅडलशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

"दाजी, ढकलत नेणार की काय?" असं म्हणून मेहुणा हसत हसत सुटलाही.

आणखी एक वर्ष ते हसू ऐकायचं? तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि मागे ओळखीची घंटी वाजली.

"अगं, उतर! उतर आधी!"

"अहो, टोपलीत माझी पिशवी..."

"राहू दे तिथंच!"

साहेब निघाले. टोपलीत डबा खडखडतोय, सीट खाली असल्यामुळे गुडघे हनुवटीला लागतायत आणि पुलावर खराखुरा वारा! बघतात तर मेहुणा खाली उतरून, कठड्याला धरून, सायकल चालवत नव्हे तर चालत नेतोय.

"दाजी, वारा फार आहे हो!"

"अरे, सकाळपासून याचीच वाट बघतोय मी!" साहेब ओरडले आणि घंटी वाजवत पुढे गेले.

शेवटून दुसरे आले! साहेबांना आनंदानं रडूच फुटलं. बायकोनं शब्द पाळला. ज्या चाकांवर ते आले ती तिची सायकल मानानं छोट्या खोलीत गेली. शेजारी शिलाई मशीन बसलं आणि बाकीची चाकं दुकानात परत गेली.

साहेब मात्र पुन्हा बेचैन. पुढच्या शर्यतीसाठी टोपली बदलावी का? उंच बरी की बुटकी? शेवटी न राहवून त्यांनी बायकोलाच विचारलं.

"टोपलीची काळजी तुम्ही नका करू," मशीनवरून मान न उचलता ती म्हणाली. "पुढच्या शर्यतीत माझ्या सायकलवर मी उतरतेय. तुम्ही फक्त पिशवी धरायची."